पाण्याने उघडणारे दार

हिरडस मावळ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी तलवार उभी राहते, आणि त्यात नवल काही नाही. बाजीप्रभू देशपांडे या मुलखातले, शिंद गावचे. १६६० साली घोडखिंडीत त्यांच्याबरोबर उभे राहिलेले बांदलांचे लोक याच डोंगरांतले. रोहिडा अजून भोरकडे येणाऱ्या वाटांवर नजर ठेवून बसला आहे. भोरहून वरंधा घाटाकडे निघालेल्या रस्त्यावर नीरेच्या खोऱ्यात आमचे हिर्डोशी लागते. तेथे पोराला चालता येऊ लागले की त्याच्या हाती जी पहिली काठी येते, ती तलवार म्हणूनच येते. परंतु या खोऱ्याला दुसराही एक इतिहास आहे. तो पाण्याचा आहे, लोखंडी दाराचा आहे आणि एका सरकारी कागदाचा आहे. त्यावर अजून कोणी पोवाडा रचलेला नाही. आणि त्यातली मुख्य पात्रे पगारी इंजिनियर असल्यामुळे पुढेही कोणी रचील असे वाटत नाही. तेव्हा ते काम दिवाळीच्या निमित्ताने एका शाळामास्तराने आपल्या साध्या गद्यात करावे, हे बरे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. पोटासाठी मुलांना शिकवतो आणि हौसेसाठी कादंबऱ्या लिहितो. यंत्रशास्त्राचा अधिकार मला नाही. पण कादंबरीकाराला एक खोड असते: वस्तू दिसली की तिच्यामागचा माणूस शोधायचा, आणि माणूस दिसला की त्याच्या नावावर काय आहे नि काय नाही ते पाहायचे. त्या खोडीतूनच हा लेख झाला आहे.

आमचे खोरे म्हणजे पावसाचे माहेर. वरच्या अंगाला शिरगावापाशी नीरा उगम पावते. आषाढ लागला की पाऊस जो कोसळू लागतो, तो गणपती येईपर्यंत माणसाला ओटीखाली उतरू देत नाही. खाचरात भात, उतारावर नाचणी आणि वरई, आणि बाकीचे सारे पाणी दगडांवरून घसरत पूर्वेकडे. तिकडे बारामती, फलटण, माळशिरस हा मुलूख वर्षानुवर्षे आभाळाकडे तोंड करून बसलेला. एका टोकाला पाणी मावेनासे आणि दुसऱ्या टोकाला घसा कोरडा, अशी ही एकाच नदीची दोन टोके आहेत. १८७६-७७ च्या दुष्काळाने दक्षिणेत जो हाहाकार केला, त्यानंतर मुंबई सरकारने नीरेचा डावा कालवा काढला, आणि त्या कालव्याला बारमाही पाणी मिळावे म्हणून भोरजवळ भाटघर येथे वेळवंडी नदी अडवली. ते काम करणाऱ्या व्हाइटिंग नावाच्या इंजिनियरवरून तलावाला 'लेक व्हाइटिंग' म्हणू लागले. पुढे ते धरण अपुरे पडले, तेव्हा तेथे सुमारे एक मैल लांबीचे प्रचंड दगडी धरण उभे राहिले. १९२८ साली त्याचे उद्घाटन झाले आणि मुंबईचे माजी गव्हर्नर लॉईड यांचे नाव त्याला मिळाले. आज त्यामागच्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी तेथे मावते.

एका तलावाच्या वाट्याला तीन नावे आली: एक इंजिनियरचे, एक अधिकाऱ्याचे, एक वीराचे. पण खाली बुडालेल्या गावांची नावे कोठे आहेत, असे कोणी विचारले तर उत्तर देण्यासाठी वैशाखाची वाट पाहावी लागते. त्या दिवसांत पाणी उतरते आणि कांबरेश्वराचे जुने देऊळ गाळातून वर येते. लोक दर्शनाला जातात, नारळ फोडतात; मृगाचा पाऊस झाला की देव पुन्हा पाण्याखाली जातो.

*

भूगोलाचा धडा डोळ्यांनी वाचावा म्हणून मी एकदा मुलांना भाटघरला घेऊन गेलो होतो. धरणाच्या सांडव्यावर एकूण ८१ दरवाजे आहेत. त्यांतले ४५ स्वयंचलित आहेत. हे सांगितल्याबरोबर एका चुणचुणीत मुलाने विचारले,

"गुर्जी, राती पाऊस वाढला तर ही दारं उघडतंय कोण?"

"पाणीच उघडतं," मी म्हटले.

"मग पाण्यालाच किल्ली दिल्यावर दार लावायचंच कशाला?"

मुले हसली. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. धरणाच्या शास्त्रातली एक मोठी अडचण त्याने नेमकी पकडली होती.

अडचण अशी. धरणाची भिंत जितकी उंच, तितक्या उंचीपर्यंत पाणी साठवता येत नाही. पूर आला तर पाणी भिंतीवरून उसळून धरण फुटेल; म्हणून एका बाजूला भिंत मुद्दाम खाली ठेवतात. तो सांडवा. जास्तीचे पाणी तेथून निघून जाते. पण त्यामुळे सांडव्याच्या माथ्यापासून भिंतीच्या माथ्यापर्यंतची सारी जागा वर्षभर रिकामी राहते. पुराचे चार दिवस सोडले तर ती जागा वायाच. बरे, सांडव्यावर दारे बसवून ती जागाही भरून घ्यावी, तर मध्यरात्री पूर येतो, पहारेकरी घोंगडी घेऊन झोपलेला असतो, नाहीतर दारापर्यंत जाण्याची वाटच पाण्याखाली गेलेली असते. दार वेळेवर उघडले नाही तर घात. तेव्हा असे दार हवे, की जे एरवी घट्ट मिटलेले राहील आणि पाणी धोक्याच्या रेघेला टेकले की कोणाची वाट न पाहता आपले आपण उघडेल.

या जातीच्या दाराचे तत्त्व आमच्या घरातल्या बायकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. विहिरीतून घागर ओढताना ती पाण्यात असते तोवर हलकी लागते. पाण्याबाहेर आली की तिचे खरे वजन हाताला कळते. आर्किमिडीजने सांगितलेला सिद्धान्त तो हाच. आता असे समजा, की एका मोठ्या तराजूच्या एका अंगाला लोखंडी दार टांगले आहे आणि दुसऱ्या अंगाला जड वजन. मध्ये साखळी आणि कप्पी. वजन दारापेक्षा किंचित भारी, म्हणून ते दाराला वर धरून ठेवते आणि सांडवा बंद राहतो. हे वजन एका चिरेबंदी हौदात लोंबत असते. तलाव ठरलेल्या रेघेपर्यंत भरला की पाणी त्या हौदात शिरते. घागरीसारखे वजन हलके होते, दार भारी ठरते, ते खाली सरकते आणि पुराचे पाणी वरून धडधडत निघून जाते. पूर ओसरला, हौद रिता झाला, की वजन पुन्हा भारी होते आणि दार मिटते. इंजिन नाही, तेल नाही, पहारेकरी नाही. जे पाणी धोका आणते, तेच धोका टाळते.

भाटघरच्या पहिल्या धरणासाठी असे दरवाजे रेनॉल्ड नावाच्या इंजिनियरने योजले होते. आणि त्यानंतर काही वर्षांनी, येथून डोंगर ओलांडला की लागणाऱ्या मुठेच्या खोऱ्यात, खडकवासल्याला, दुसऱ्या एका इंजिनियरने आपली स्वतःची रचना सिद्ध केली. त्यांचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

*

विश्वेश्वरय्या म्हैसूर मुलखातले. पण इंजिनियर म्हणून त्यांचे माहेर पुणेच. बंगलोरला बी. ए. होऊन ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. १८५४ साली ओव्हरसियर आणि हाताखालचे कामदार तयार करण्यासाठी जो वर्ग निघाला, त्याचेच पुढे हे कॉलेज झाले आणि मुंबई विद्यापीठाला जोडले गेले. आपण ज्याला इंजिनियरिंग कॉलेज म्हणत आलो, आणि आज जे स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले आहे, ते हेच. १८८३ साली एल. सी. ई. च्या परीक्षेत विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात पहिले आले आणि दुसऱ्याच वर्षी सरकारी बांधकामखात्यात दाखल झाले. १८९९ साली पुण्याच्या पाटबंधाऱ्यांचे काम त्यांच्याकडे आले. नीरेच्या कालव्यावर पाणी वाटण्याची 'ब्लॉक' पद्धत त्यांनी सुरू केली ती याच काळात. म्हणजे आमच्या खोऱ्याच्या शेजारचे पाणी बारामतीकडे कसे वाटावे, याचाही हिशेब त्यांनीच बसवून दिला.

खडकवासल्याच्या तलावाला तेव्हा 'लेक फाइफ' म्हणत. दर पावसाळ्यात त्याच्या सांडव्यावरून सहा ते आठ फूट उंचीचे पाणी वाहून जाई. पुण्याला पाणी हवे, लष्कराच्या छावणीला हवे, कालव्याला हवे. भिंत उंच करावी तर खर्च अफाट. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात न लावता सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले आणि तलावाची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढवली. साठा सुमारे चतुर्थांशाने वाढला. १९०३ साली हे दरवाजे लागले. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर हीच कल्पना गेली. आणि या रचनेचे पेटंट घेतले गेले.

येथे आपल्या गोष्टीत तो सरकारी कागद येतो. तो समजण्यासाठी इंग्रजी कायद्याकडे जाण्यापूर्वी आपल्या दप्तराकडे पाहावे. मावळातल्या कोणत्याही जुन्या घराण्यात पेटी उघडली तर सनद निघते. अमुक गावची देशमुखी, अमुकाची पाटीलकी, वंशपरंपरेने, चंद्रसूर्य आहेत तोवर. पेटंट हीही एक सनदच. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ 'उघडे पत्र' असा आहे. मोहोर आतून न लावता बाहेर लटकवलेले, कोणीही वाचावे असे राजाचे पत्र. सरकारी मराठीत त्याला आता 'एकस्व' म्हणतात. परंतु वतनाच्या सनदेत आणि या सनदेत दोन मोठे फरक आहेत. वतनाला मुदत नाही, हिला आहे. वतनदाराला सनदेसाठी आपले गुपित सांगावे लागत नाही. शोधकाला ते सांगावेच लागते. आपली युक्ती आकृतीसह कागदावर मांडायची आणि सरकारजमा करायची. त्या बदल्यात सरकार सांगते, की इतकी वर्षे तुझ्या परवानगीवाचून कोणी ही वस्तू करणार नाही. मुदत संपली की युक्ती साऱ्या जगाची.

हा सौदा किती शहाणपणाचा आहे, ते आपल्या लोकांना पटवून द्यायला नको. रामबाण औषध ठाऊक असलेला वैद्य, पोलादाला विशिष्ट पाणी देणारा लोहार, रंग पक्का बसवणारा रंगारी यांनी आपली गुपिते बरोबर नेली, आणि कितीएक विद्या त्यांच्याबरोबर सरणावर गेल्या. मुलालाही सांगायचे ते शेवटच्या घटकेला. आणि शेवटची घटका काही सांगून येत नाही!

हिंदुस्थानात या सनदेचा कायदा १८५६ साली झाला. मुदत १४ वर्षांची होती. ३ मार्च १८५६ रोजी पहिला अर्ज आला तो कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग नावाच्या इंजिनियरचा, आणि त्याचा शोध काय, तर पंखा ओढण्याचे यंत्र! साहेबाच्या डोक्यावरचा पंखा ओढता ओढता पंखेवाल्याला डुलकी लागत असे. त्या डुलकीवर हा उपाय. त्या बिचाऱ्या पंखेवाल्याच्या पोटाचे काय, हा प्रश्न अर्जात नव्हता. पुढे, कायदा करताना राणीची पूर्वसंमती घेतलेली नाही असे निघाले, तो रद्द झाला आणि १८५९ साली नवा करावा लागला. १८८८ साली आणखी एक झाला. विश्वेश्वरय्यांच्या वेळी तो चालू होता. १९११ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे चालला. १९७० साली आपल्या संसदेने स्वतःचा कायदा केला, आणि आता या सनदेची मुदत २० वर्षांची आहे.

विश्वेश्वरय्यांच्या नावे सनद झाली, तेव्हा तिच्यावर मिळणारे शुल्क त्यांनी घ्यावे, यात कायद्याने गैर काही नव्हते. परंतु ते त्यांनी घेतले नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. कारणही साधेच देतात: मी सरकारचा पगार खात होतो, सरकारच्या कामासाठी ही युक्ती योजली, तिच्यावर पुन्हा पैसा कसला? वतनाच्या वितभर तुकड्यासाठी भाऊ भावाच्या जिवावर उठल्याच्या कथा आमच्या मावळात घरोघर आहेत. त्या मुलखात ही कथा सांगण्यासारखी आहे. नाव घेतले, मुदत घेतली, पण दाम घेतले नाही.

मात्र सनद माणसाच्या नावाचे रक्षण करते, धरणाखाली राहणाऱ्यांचे नाही, हेही याच मुलखाने पाहिले. वेल्ह्याच्या बाजूला आंबी नदीवर पानशेतचे धरण पुरे होत आले होते. पाणी सोडण्याच्या मोरीचे आणि तिच्या दरवाजांचे काम अपुरे असताना पावसाळा आला, आणि १२ जुलै १९६१ रोजी ते मातीचे धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्यावर आदळला आणि त्या जुन्या दगडी धरणालाही खिंडार पडले. पुण्याचे काय झाले ते मी सांगायला नको. जुन्या पुणेकरांच्या घरात अजून भिंतीवर पाण्याची रेघ दाखवतात. ज्या धरणावर विश्वेश्वरय्यांचे दरवाजे प्रथम लागले, ते फुटल्याचे ऐकायला ते शतायुषी गृहस्थ हयात होते. १४ एप्रिल १९६२ रोजी ते गेले. आपोआप उघडणारे दार कितीही हुशार असो, माणसाचे अर्धवट काम ते पुरे करू शकत नाही.

*

आता यापुढची गोष्ट एका माणसाची नाही, संस्थेची आहे. विसाव्या शतकात शोध एकट्यादुकट्याच्या डोक्यातून निघण्याचे दिवस सरत चालले. विद्यापीठांच्या प्रयोगशाळा आल्या. तेथे एकाने कल्पना काढायची, दुसऱ्याने मोजायची, तिसऱ्याने भट्टी पेटती ठेवायची, फिटरने सांधे जुळवायचे. मग सनद कोणाची? पगार देणाऱ्या विद्यापीठाची, की डोके चालवणाऱ्याची? आणि विद्यापीठ चालते ते लोकांच्या करावर, म्हणून लोकांची का नाही?

हा पेच अमेरिकेत फार लवकर पडला. कॅलिफोर्निया विद्यापीठात कॉट्रेल नावाचे प्राध्यापक होते. कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणाऱ्या विषारी धुराने भोवतालची शेते जळत. धुरातल्या कणांना विजेचा भार द्यायचा आणि मग विरुद्ध भाराच्या पत्र्यांकडे ते ओढून घ्यायचे, अशी युक्ती त्यांनी काढली. परळी, कोराडी, चंद्रपूर येथील वीजकेंद्रांत राख अडवणारी यंत्रे याच तत्त्वावर चालतात. कॉट्रेल यांनी आपल्या सनदा घरात ठेवल्या नाहीत. त्यांच्या उत्पन्नातून दुसऱ्यांच्या संशोधनाला पैसा मिळावा म्हणून १९१२ साली त्यांनी 'रिसर्च कॉर्पोरेशन' नावाची संस्था काढली. पुढे अणुविज्ञानात नाव मिळवणाऱ्या लॉरेन्स यांच्या यंत्रालाही या संस्थेने साहाय्य केले. म्हणजे एका धुराड्याच्या राखेतून दुसऱ्या प्रयोगशाळेचा दिवा पेटला.

आपल्याकडे मुंबई विद्यापीठाने १९३३ साली रसायनतंत्राचा विभाग काढला. माटुंग्याची ती संस्था 'यूडीसीटी' या नावाने महाराष्ट्रभर ओळखली जाई. कापडगिरण्यांचे रंग, तेले, औषधे यांचे शास्त्र तेथे वाढले. २००८ पासून ती 'रसायन तंत्रज्ञान संस्था' या नावाने स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे. तेथल्या शोधांपैकी एकाची गोष्ट आमच्या भातवाल्यांना जवळची वाटावी. भाताचा पेंढा, गव्हाचे काड, उसाचे पाचट यांत साखर असते, पण ती अशी बांधलेली असते की जीभ तिला ओळखत नाही. धान्याच्या काडीत साखरेच्या कणांची लांबलचक साखळी असते आणि तिच्याभोवती लिग्निन नावाच्या चिवट पदार्थाचे लिंपण असते; कुडाच्या भिंतीत कारवीच्या काठ्या आणि वरून शेणमातीचा गिलावा असतो, तसे. आधी गिलावा सोडवायचा, मग विशिष्ट पाचकद्रव्यांनी साखळी तोडून साखर मोकळी करायची, आणि ती आंबवून अल्कोहोल काढायचे. प्रा. अरविंद लाली यांच्या मार्गदर्शनाखाली माटुंग्याच्या ऊर्जा-जीवविज्ञान केंद्राने ही सारी क्रिया अखंड आणि जलद चालेल अशी बसवली. पाचकद्रव्ये महाग असतात; ती एकदाच वापरून फेकून न देता पुन्हा वापरात आणण्याची युक्ती हा तिचा प्राण. तिच्या सनदा संस्थेच्या नावे आहेत. २०१६ साली उत्तराखंडात काशीपूर येथे रोज १० टन काडीकचरा घेणारा नमुन्याचा कारखाना या पद्धतीने सुरू झाला. पंजाब-हरियाणात जो पेंढा शेतातच जाळतात आणि ज्याच्या धुराने दिल्ली गुदमरते, त्याला अशी किंमत येऊ शकते. आमच्याकडे पेंढा जाळत नाहीत; गुरे वाट पाहत असतात. पण ते असो.

पेटंटच्या अर्जात दोन वेगळी माहिती मागतात: शोधक कोण, आणि अर्जदार कोण. विद्यापीठाच्या शोधात शोधकाच्या जागी प्राध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची नावे, आणि अर्जदाराच्या जागी संस्थेचे. ही वाटणी मला न्यायाची वाटते. नाव माणसाला मिळावे, हक्क संस्थेला. २०२१ साली सरकारने शिक्षणसंस्थांसाठी या अर्जांची फी ८० टक्क्यांनी कमी केली. तेव्हापासून आमच्या भागातल्या तरुण प्राध्यापकांच्या तोंडीही पेटंट हा शब्द ऐकू येतो. 'आमच्या कॉलेजची इतकी झाली' असे ते अभिमानाने सांगतात. लग्नात आहेर मोजावेत तशी मोजतात. आनंद आहे. पण मोजणी झाल्यावर विचारावेसे वाटते, की बाबांनो, यांतले किती दार खरोखर एखाद्या सांडव्यावर बसले?

कारण सनद म्हणजे शोध नव्हे, आणि शोधाला सनद हवीच असेही नव्हे. दिवाळीच्या सकाळी आमच्या खोऱ्यात जो भात शिजतो, त्यात आता आंबेमोहोराबरोबर इंद्रायणी असतो. हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचा, म्हणजे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा. आंबेमोहोराचा वास ठेवून उतारा वाढवणारा तो भात १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. आपल्या पेटंट कायद्याप्रमाणे पिकाच्या वाणाला एकस्व मिळतच नाही. कोणी वतनदार नाही, कोणी शुल्क मागत नाही. एका शेतकऱ्याने दुसऱ्याला पायलीभर बी द्यावे, त्याने तिसऱ्याला, असा तो डोंगर चढून आला. आमच्या घरी शोध पोहोचण्याची ही एक वाट, सनदेवाचूनची.

दुसरी वाट सनद संपल्यावरची. ती आमच्यासाठी अजून मोकळी पडून आहे, आणि ज्यासाठी हा सारा प्रपंच मांडला ते सांगण्याची वेळ आता आली. भाटघरनंतर आमच्या नीरेवरही देवघरला धरण झाले. पावणेबारा अब्ज घनफुटांच्या आसपास पाणी आता हिर्डोशीच्या खोऱ्यात साठते. ते कालव्याने खाली जाते, आणि तेथल्या उसाला, ज्वारीला, माणसांना ते मिळावे याबद्दल आमची तक्रार नाही. तहानलेल्याला पाणी देण्याची रीत मावळातही आहे. परंतु पाणी खाली आणि वाड्या वर. फाल्गुन सरला की त्याच वाड्यांतल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन उतार उतरतात, आणि काही ठिकाणी टँकरची वाट पाहतात. कोट्यवधी घागरींचे तळे पायथ्याला दिसत असताना एका घागरीसाठी वणवण, याहून कडू विनोद कोणता?

आता ऐका. १७९६ च्या सुमारास फ्रान्समध्ये माँगोल्फिये नावाच्या गृहस्थाने एक पंप केला. विमाने नव्हती तेव्हा गरम हवेचे फुगे उडवणाऱ्या भावांपैकी हा एक. वाहता ओढा एका नळातून खाली आणायचा आणि झडप एकदम मिटायची. पाणी थांबताना जो धक्का बसतो, त्या धक्क्यानेच थोडे पाणी उंचावर चढवायचे. झडप आपोआप उघडते, आपोआप मिटते, रात्रंदिवस ठोके देत राहते. वीज नाही, तेल नाही. बरेचसे पाणी पुढे वाहून जाते आणि थोडे डोंगर चढते; परंतु एका वाडीला थोडेच पुरते. याला 'हायड्रॉलिक रॅम' म्हणतात. इंग्लंडात याची सनद माँगोल्फियेच्या वतीने मॅथ्यू बोल्टन यांनी १७९७ साली घेतली. भाटघरच्या दारात आणि या पंपात एकच शहाणपण आहे: पाण्याचे काम पाण्याकडूनच करून घ्यायचे.

ती सनद संपून दोनशे वर्षे उलटली. कोणाची परवानगी नको, कोणाला शुल्क नको. दिवाळीपासून पुढे ओढे वाहते असतात तोवर उंचावरच्या टाक्या भरून ठेवता येतील, पावट्याला, भाजीला चार पाणी देता येतील, आणि बायांच्या डोक्यावरचा भार काही महिने तरी उतरेल. फक्त कोणीतरी येऊन ओढ्याची उंची मोजायची, नळ जोडायचा, झडप बसवायची आणि बिघडली तर दुरुस्त करायला गावच्याच दोन पोरांना शिकवायचे. नवे पेटंट त्यात मिळणार नाही, म्हणून विद्वानांना ते काम लहान वाटत असेल. विश्वेश्वरय्यांना वाटले नसते. त्यांनी पाण्याचा नियम नवा काढला नव्हता. जुना नियम खडकवासल्याच्या सांडव्यावर नेऊन बसवला होता.

सनदेचे मूळ नाव उघडे पत्र. ते पत्र शोधकाच्या नावाने लिहिले जाते हे खरे. पण मुदत संपल्यावर ते पाठवायचे असते ते आपल्या सर्वांना. आमच्या खोऱ्याच्या पत्त्यावरची अशी कित्येक पत्रे पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांच्या कपाटांत पोहोचून राहिली आहेत. ती वाचता येणारी मुले आता आमच्या शाळांतूनही शिकून तेथे जाऊ लागली आहेत. सुटीत घरी येताना त्यांनी त्यांतले एखादे पत्र खिशात घालून आणावे, एवढेच मागणे. फराळ आम्ही घालू, ओढा आम्ही दाखवू.